'कनेक्शन गॅरंटी'चे पैसे घेतले आणि मधल्या विमानतळावर वाऱ्यावर सोडलं

लांबच्या प्रवासाचं स्वस्त तिकीट शोधताना स्क्रीनवर दोन विमानं एका रेषेने जोडलेली दिसतात. खाली एकच किंमत आणि पैसे भरायचं एकच बटण असतं. त्या रेषेच्या मागे खरंच काही करार आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. आमच्या बाबतीत तसा कुठलाही करार नव्हता, आणि ते कळलं तेव्हा मी आणि माझी आई एका परक्या देशात बंद काउंटरसमोर उभ्या होतो.

आधीच स्पष्ट करते की आम्हाला विमान कंपन्यांनी फसवलेलं नाही. फसवलं ते तिकीट विकणाऱ्या वेबसाइटने. नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे आणि याच पद्धतीने तिकिटं विकणाऱ्या वेबसाइट बऱ्याच आहेत.

स्वस्त विमान कंपन्यांचा व्यवहार तसा उघड असतो. १९७७ मध्ये ब्रिटिश उद्योजक फ्रेडी लेकर यांनी लंडन ते न्यूयॉर्क 'स्कायट्रेन' ही विमानसेवा सुरू केली, एका बाजूचं तिकीट ५९ पौंडांना. जेवण हवं तर पैसे वेगळे. तिथपासून सूत्र तेच आहे: भाडं फक्त खुर्चीचं. बॅग, जेवण, पांघरूण, हवी ती सीट, सगळ्याचे पैसे वेगळे मोजायचे. पाय आखडतात, रात्रभर पाठ दुखते, पण हे आधी लिहिलेलं असतं आणि मला ते मान्य आहे. खर्च वाचवायला या कंपन्या आणखी एक गोष्ट टाळतात, ती मात्र तिकिटावर ठळक दिसत नाही. बहुतेक स्वस्त कंपन्या दुसऱ्या विमान कंपन्यांशी इंटरलाइन करार, म्हणजे एकमेकांचे प्रवासी आणि बॅगा पुढे नेण्याचा करार, करत नाहीत. करार नसला की तुमची बॅग पुढच्या कंपनीच्या विमानात आपोआप जात नाही. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. पहिली कंपनी म्हणते, आम्ही तुम्हाला तिकिटावरच्या गावी पोचवलं, आमचं काम संपलं. दोघांचंही म्हणणं नियमाला धरून असतं.

एजंट वेबसाइट या फटीतच धंदा करतात. दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं घ्यायची, वर आपला नफा लावायचा आणि ग्राहकाला 'एक प्रवास' म्हणून विकायची. यातही गैर काही नाही, जर तसं स्पष्ट सांगितलं तर. आम्हाला आलेल्या ईमेलवर एकच बुकिंग नंबर होता, तोही एजंटचा स्वतःचा. मध्ये विमान बदलायचं आहे हे दिसत होतं. बॅग स्वतः घेऊन, इमिग्रेशनमधून बाहेर पडून, पुन्हा चेक-इन करायचं आहे, हे नियम-अटींच्या घडीत, उघडल्याशिवाय न दिसणाऱ्या ओळींत होतं. ते वाचलं म्हणूनच मी 'कनेक्शन गॅरंटी' घेतली. तिचे वेगळे पैसे भरले. पहिल्या विमानाला उशीर झाला तर पर्यायी विमान, हॉटेल आणि जेवण, असं पैसे भरण्याच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे व्हीलचेअरची विनंतीही तिथल्याच रकान्यात भरली होती.

निघायच्या दिवशी विमानतळावर पोचलो तर फलकावर आमच्या विमानाची वेळ वेगळी. काउंटरवर विचारलं. वेळ काही आठवड्यांपूर्वीच पुढे ढकलली होती आणि सगळ्या प्रवाशांना ईमेल गेले होते. आम्हाला आला नव्हता. नव्या वेळेनुसार मधल्या विमानतळावर उतरून दुसऱ्या विमानाचं बॅगेज काउंटर बंद होईपर्यंत हातात जेमतेम तासभर उरत होता. मी तिथूनच एजंटच्या कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅम, हा डिले नाही, शेड्यूल चेंज आहे. गॅरंटीत फक्त डिले कव्हर होतो."

"पण वेळ बदलल्याचं तुम्ही आम्हाला कळवलंत का?"

"एअरलाइनने कळवलंय, मॅम."

"आम्हाला ईमेल आलेला नाही."

"मग तुम्ही एअरलाइनशी बोला, मॅम."

एअरलाइन म्हणाली, बुकिंग एजंटचं आहे, बदल तोच करू शकतो. एजंटने फोन होल्डवर टाकला तो टाकलाच.

मग आम्ही त्या विमानात बसलो. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, मग बॅगेचा पट्टा, मग दुसऱ्या टर्मिनलची बस. व्हीलचेअर आली नव्हती, कारण विनंती कंपनीपर्यंत पोचलेलीच नव्हती. आई भिंतीला हात लावत चालत होती आणि मला वेगाने चालता येत नव्हतं. इमिग्रेशनच्या रांगेत आमच्या पुढे शिकायला निघालेली एक मुलगी होती. तिलाही असंच जोडलेलं तिकीट विकलं होतं. त्या देशात पाऊल ठेवायला तिला व्हिसा लागत होता आणि तो तिच्याकडे नव्हता. खरं कनेक्शन असतं तर आतल्या आत, ट्रान्झिटमधून, ती पुढच्या विमानात गेली असती. इथे तिची बॅग दाराबाहेरच्या पट्ट्यावर फिरत होती आणि ती आत अडकली होती. तिला बाजूला घेऊन गेले. पुढे तिचं काय झालं ते मला समजलं नाही आणि तिची काळजी अजून जात नाही.

आम्ही पोचलो तेव्हा काउंटर बंद झालं होतं. तिथल्या बाईंनी नियमाबाहेर जाऊन एक गोष्ट केली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. आमची नावं होती, पासपोर्टप्रमाणे बरोबर. फोन नंबरच्या जागी माझ्या ओळखीचा नसलेला एक परदेशी नंबर होता. ईमेलच्या जागी अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ आणि शेवटी एजंटच्या वेबसाइटचं नाव होतं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काही कळवायचं असतं तरी आमच्याकडे तुमचा पत्ताच नाही." पैसे भरलेलं कार्डही एजंटचंच होतं.

मला जे सांगायचंय ते हेच आहे. मी बुकिंग करताना माझा ईमेल आणि नंबर दिला होता. एजंटने तो स्वतःकडे ठेवला आणि कंपनीला स्वतःचा मशीनने बनवलेला पत्ता दिला. त्यामुळे वेळ बदलल्याचा ईमेल त्याच्याकडे गेला. अशा बदलानंतर विमान कंपन्या बहुतेक वेळा फुकट तारीख बदलून देतात किंवा पैसे परत करतात. तो पर्यायही त्याच्याकडेच गेला. आणि रिफंड ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर जातो, म्हणजे पुन्हा त्याच्याकडे. आमच्याकडे फक्त त्याने काय सांगायचं ते यायचं, आणि त्याने काहीच सांगितलं नाही.

ही एखाद्याच एजंटची खोड नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयासमोर नेमकं असंच प्रकरण आलं होतं. प्लॅटफॉर्मने बुकिंगपुरता एक ईमेल पत्ता तयार केलेला, विमान कंपनीने वेळ अलीकडे आणल्याचं त्यावर कळवलेलं, प्रवाशाला त्यातलं काहीच माहीत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल लागला की अशा वेळी प्रवाशाला कळवलं असं मानता येत नाही आणि विमान कंपनीला भरपाईची जबाबदारी झटकता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की ट्रॅव्हल एजन्सीने वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं एकत्र करून एकूण किंमत घेतली आणि एकच तिकीट दिलं असेल, तर त्या कंपन्यांमध्ये आपसात करार नसला तरी तो जोडप्रवासच. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणारं कुठलंही विमान, किंवा तिथल्या कंपनीचं तिकडे जाणारं विमान, युरोपीय संघाच्या या भरपाईच्या नियमाखाली येतं. ३५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला भरपाई ६०० युरोपर्यंत असते. तुमचा मार्ग त्यात बसत असेल तर हे दोन्ही निकाल तक्रारीत जरूर लिहा. आमचा बसत नव्हता.

ती रात्र आईने लोखंडी खुर्च्यांवर काढली. सकाळी ऐनवेळच्या दराने नवीन तिकीट घेतलं. सगळं मिळून खर्च नेहमीच्या कंपनीच्या सरळ तिकिटापेक्षा कितीतरी जास्त झाला.

घरी आल्यावर दुसरा अंक सुरू झाला. गॅरंटीचा दावा 'लँडिंगनंतर २४ तासांत ॲपमधून' करायला हवा होता, असं उत्तर आलं. ॲपमध्ये तो पर्याय आमच्या बुकिंगला दिसतच नव्हता, कारण त्यांच्या नोंदीत उशीर झालेलाच नव्हता. न वापरलेल्या तिकिटावरचे विमानतळ कर दुसऱ्या कंपनीने परत केले. ते एजंटकडे गेले आणि त्याने 'सेवा शुल्क' कापून उरलेल्याचं व्हाउचर दिलं, तेही त्याच्याच वेबसाइटवर आणि मुदतीत वापरायचं. ते मी वापरलेलं नाही, वापरणारही नाही.

वैतागून मी सोशल मीडियावर जाहीर तक्रार लिहिली. थोड्याच वेळात एजंटच्या नावाचं आणि लोगोचं खातं उत्तर द्यायला आलं, 'आम्ही दिलगीर आहोत, तुमचा नंबर पाठवा.' फोन आला, बोलणं गोड, आणि मग स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं. मी तिथेच फोन ठेवला. ते खातं खोटं होतं. फसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटायला टपलेली ही वेगळीच टोळी आहे. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून मिळवू नका, तिकिटाच्या ईमेलमधला किंवा कंपनीच्या ॲपमधलाच वापरा. रिफंड द्यायला कोणाला तुमचा ओटीपी लागत नाही.

आता, तिकीट अशाच वेबसाइटवरून काढणं भाग असेल तर पैसे भरल्यावर लगेच, त्याच दिवशी, दोन्ही विमान कंपन्यांचे सहा अक्षरी पीएनआर मागून घ्या. एजंटचा बुकिंग नंबर म्हणजे पीएनआर नव्हे. ते पीएनआर कंपन्यांच्या वेबसाइटवर टाका आणि 'संपर्क' उघडून पाहा. तिथे तुमचा ईमेल नसेल तर घाला. काही कंपन्या एजंटमार्फत काढलेल्या तिकिटांना आधी ओळख पडताळणी करायला लावतात. कंटाळवाणं आहे, तरी करा. व्हीलचेअरची नोंद तिथेच दिसते की नाही तेही बघा. तिचे पैसे एजंट मागत असेल तर त्याचं ऐकू नका. युरोपात तर ही मदत कायद्यानेच मोफत आहे, फक्त ४८ तास आधी कळवायचं असतं.

दोन विमानांना दोन वेगळे पीएनआर आले आणि कुठेही १३ आकडी ई-तिकीट नंबर नाही, तर बहुधा ती दोन सुटी तिकिटं आहेत असं धरून चाला. मधल्या देशाचा व्हिसा लागतो का ते पाहा. दोन्ही कंपन्यांच्या बॅगेच्या मर्यादा वेगळ्या असू शकतात, म्हणून कमी मर्यादेप्रमाणे बॅग भरा. मधला वेळ तीन-चार तासांचा ठेवून भागत नाही. मी स्वतः आता एक रात्र मध्ये ठेवते किंवा सरळ एका कंपनीचं तिकीट घेते.

पैसे क्रेडिट कार्डाने भरा. लांब पल्ल्याच्या स्वस्त कंपन्या अचानक बंद पडतात हा इतिहास आहे. स्कायट्रेनची लेकर कंपनी १९८२ मध्ये, प्रायमेरा ऑक्टोबर २०१८ मध्ये, वॉव २८ मार्च २०१९ ला आणि प्ले २९ सप्टेंबर २०२५ ला बंद पडली. प्रवासी जिथे होते तिथेच अडकले. अशा वेळी कार्डाचा चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागणं, हा बहुतेकांना उरलेला एकच रस्ता असतो.

आमच्याही हाताला शेवटी तोच लागला. बँकेकडे 'विकल्याप्रमाणे सेवा दिली नाही' या कारणाखाली वाद दाखल केला. एजंटने नियम-अटींची जाडजूड फाइल पाठवली. गॅरंटीची पूर्ण रक्कम परत मिळाली. दुसऱ्या तिकिटाचा दावा बँकेने फेटाळला, त्यावर ग्राहक तक्रार केली आहे. बँकेसमोर उपयोगी पडला तो पैसे भरतानाच्या पानाचा स्क्रीनशॉट, ज्यात गॅरंटीचा मजकूर 'उशीर' आणि 'बदल' असा भेद न करता लिहिला होता. आम्ही तक्रार केल्यानंतर एजंटच्या वेबसाइटवरचं तेच वाक्य बदललेलं दिसलं. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या पानाचा, तारीख-वेळ दिसेल असा, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि तो फोनमध्ये न ठेवता स्वतःलाच ईमेल करा.