भिंगाविना कॅमेरा: बर्कलेचा ‘डिफ्यूजरकॅम’ घरी बांधताना

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील लॉरा वॉलर यांच्या प्रयोगशाळेने ‘डिफ्यूजरकॅम’ हा भिंगाविना चालणारा कॅमेरा घरच्या घरी बांधण्याची मार्गदर्शिका आणि पायथनमधील प्रोग्रॅम मोफत उपलब्ध करून दिले आहेत, आणि कॉम्प्रेसिव्ह सेन्सिंग (थोड्या मोजमापांवरून पूर्ण चित्र गणिताने उभे करण्याचे तंत्र) स्वतः हाताळून समजून घ्यायचे असेल तर याहून चांगली सुरुवात मला तरी ठाऊक नाही. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाला जोडायच्या कॅमेऱ्याचे भिंग काढून सेन्सरसमोर प्रकाश विखुरणारा ‘डिफ्यूजर’ म्हणून डबल टेपचा तुकडा बसवायचा, एवढीच काय ती जुळणी; सेन्सरला बोट लागू न देण्याची काळजी मात्र घ्यावी.

खरा आनंद त्यानंतरचा आहे. अंधाऱ्या खोलीत, फॉइलला पाडलेल्या बारीक छिद्रातून मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश सोडला की सेन्सरवर तेजस्वी रेषांचे जाळे उमटते. वस्तूचा प्रत्येक बिंदू हेच जाळे थोडे सरकवून उमटवत असल्याने, एकमेकांत मिसळलेल्या त्या जाळ्यांतून मूळ चित्र गणिताने सोडवून काढता येते. अज्ञात संख्या मोजमापांपेक्षा कितीतरी जास्त असल्या, तरी दृश्य विरळ आहे, म्हणजे त्याचा बराचसा भाग रिकामा आहे, असे गृहीत धरल्यास उत्तर हाती लागते. याच बळावर या गटाने २०१८ च्या शोधनिबंधात १३ लाख पिक्सेलच्या एकाच छायाचित्रातून १० कोटी बिंदूंची त्रिमितीय प्रतिमा उभी केली.

घरगुती जुळणीतून मिळणारे चित्र धूसर असते आणि काळोखातल्या उजळ वस्तूंवरच ते समाधानकारक येते, त्यामुळे नेहमीच्या छायाचित्रणासाठी याचा विचार करू नये. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मात्र हा कॅमेरा अवश्य बांधावा.