डिस्नेलँडसाठी घेतलेला घडीचा स्ट्रोलर, दोन टीनएजर आणि एक छोटी: बरेच महिने वापरल्यानंतर

पुढचं डावं चाक तुटलं, आणि कंपनीने मेलवर जे उत्तर दिलं ते वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लिहितेय. स्ट्रोलर म्हणजे तो एका हाताने घडी होणारा, पंधरा पौंडांच्या आतला, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसतो असं सांगून विकतात तो प्रकार. ब्रँडचं नाव देत नाहीये कारण हेच डिझाईन निरनिराळ्या नावांनी विकलं जातं आणि माझं भांडण चाकाशी आहे, नावाशी नाही. सेलमध्ये घेतला तरी फुकट आला नव्हता, तेव्हा हिशेब मांडायचा मला पूर्ण हक्क आहे.

घेतला तो फक्त डिस्नेलँड आहे त्या अ‍ॅनाहाइमच्या ट्रिपसाठी. आम्ही कॅलिफोर्नियातच फ्रीमाँटला राहतो, मोठा पंधरा वर्षांचा, मधली तेरा आणि शेंडेफळ तेव्हा नुकतंच दोन पूर्ण झालेलं. डिस्नेलँडला तीन वर्षांखाली तिकीट लागत नाही, तीन ते नऊ मुलांचं तिकीट आणि दहापासून थेट मोठ्यांचा दर. म्हणजे आमच्या घरात चार पूर्ण तिकिटं आणि एक मोफत. छोटी तीनची व्हायच्या आत जाऊन यायचं हे तिथेच ठरलं. गाडीने पाच नंबरच्या फ्रीवेने सहा-सात तास, हार्बर बुलेव्हार्डवर चालत जाता येईल असं मोटेल, दोन दिवस दोन पार्क.

भाड्याने का नाही घेतला असं बऱ्याच जणी विचारतात. डिस्नेलँडच्या गेटबाहेर भाड्याचे स्ट्रोलर मिळतात पण ते डाउनटाउन डिस्नेमध्ये (गेटबाहेरचा दुकानं-हॉटेलांचा भाग) किंवा हॉटेलवर नेता येत नाहीत, आणि खरी गरज तर रात्री असते, जेव्हा पोरगी गाढ झोपलेली असते आणि मोटेलपर्यंत पंधरा मिनिटं चालायचं असतं. आमच्याकडे सॉकरच्या मैदानावर नेतो ती हाताने ओढायची वॅगन आहे, पण मे २०१९ पासून तिथे वॅगन बंद, आणि स्ट्रोलरही ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब याच्या वर चालत नाही. तेव्हा छोटा, घडीचा, स्वतःचा, हे गणित बरोबरच होतं आणि अजूनही बरोबर आहे.

आता प्लॅनिंगचं सांगते, कारण स्ट्रोलरचा त्याच्याशी सरळ संबंध आहे. टीनएजर आणि छोटं मूल एकत्र नेताना सगळे आधी लाइटनिंग लेनच्या, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेच्या, मागे लागतात. माणशी, दिवसाला पैसे, गर्दीप्रमाणे दर बदलणार, आणि आमची चार माणसं. मी स्पष्ट नाही म्हटलं. आमच्यासारख्या घराला खरी कामाची सोय फुकट आहे, ती म्हणजे रायडर स्विच. सगळ्यांनी मिळून राइडच्या तोंडाशी जायचं, उंचीत न बसणारं पिल्लू कास्ट मेंबरला (तिथल्या कर्मचाऱ्याला) दाखवायचं, ते मागे थांबणाऱ्याचं तिकीट स्कॅन करतात. मग बाकीचे नेहमीच्या रांगेतून जाऊन येतात आणि ते आल्यावर थांबलेला माणूस लाइटनिंग लेनच्या दारातून आत. त्याच्याबरोबर आधी जाऊन आलेलं एखादं मोठं मूल बहुतेक वेळा परत जाऊ शकतं, तिथे विचारून घ्या. आमचा मोठा इंडियाना जोन्सच्या राइडवर आधी बाबांबरोबर आणि मग माझ्याबरोबर असा लागोपाठ दोनदा बसला आणि दुसऱ्यांदा रांग जवळजवळ नव्हतीच. त्या पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला पैसे वाचल्याचा दुप्पट आनंद झाला.

राइडना लागणाऱ्या किमान उंच्या आधी पाठ करून जा. इंडियाना जोन्स ४६ इंच, मॅटरहॉर्न ४२, स्पेस माउंटन आणि बिग थंडर ४०, स्मगलर्स रन ३८, शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरमध्ये इन्क्रेडिकोस्टर ४८ आणि रेडिएटर स्प्रिंग्ज ४०. आमची छोटी ३४ इंच, म्हणजे टूनटाउनमधल्या छोट्या कोस्टरच्या ३५ मध्येही बसेना. पण उंचीची अट नसलेल्या राइड्स भरपूर आहेत, आणि खुबी अशी की त्यातल्या बऱ्याच मोठ्या राइडच्या शेजारीच असतात. इंडियाना जोन्सला बाकीचे गेले की तुम्ही छोटीला घेऊन जंगल क्रूझ, स्पेस माउंटनला गेले की बझ लाइटइयर, मॅटरहॉर्नला गेले की मागे डम्बो आणि केसी ज्युनियरची आगगाडी. पीटर पॅनची रांग कायम लांब असते आणि तिथे लाइटनिंग लेनही नाही, ते गेट उघडल्याउघडल्या करून टाका नाहीतर सोडून द्या.

अजून एक नियम फार कामाचा आहे. सात वर्षांखालच्या मुलाबरोबर राइडमध्ये चौदा वर्षांवरचं कोणीतरी लागतं, आईबापच हवेत असं नाही. म्हणजे आमचा पंधराचा मोठा, छोटीला इट्स अ स्मॉल वर्ल्डमध्ये स्वतः घेऊन गेला आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो, कॉफी घेतली, पाय लांब केले. आधी कुरकुरत होता, बाहेर आला तेव्हा दोघं हातात हात घालून. मधली आणि तो सिंगल रायडरच्या, म्हणजे एकेकट्याने रिकाम्या सीटवर बसायच्या, रांगेने मॅटरहॉर्न, रेडिएटर स्प्रिंग्ज, इन्क्रेडिकोस्टर आणि स्मगलर्स रन हे सगळं करून आले. शेजारी शेजारी बसायला मिळत नाही, पण या वयात त्यांना ते नकोच असतं.

तर हे सगळं चालतं कशावर? स्ट्रोलरवर. कारण या पद्धतीत एक मोठं माणूस कायम छोटीबरोबर बाहेर फिरत असतं, आणि जॅकेटं, पाण्याच्या बाटल्या, डबे, टीनएजरांच्या पॉवर बँका हे सगळं स्ट्रोलरवर लादलेलं असतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, पण काचेचं काही नको. मी धपाटे, शंकरपाळे आणि छोटीसाठी मुगाची खिचडी नेली होती. गेटमधून आत नेणाऱ्या मेन स्ट्रीटच्या शेवटी, प्लाझा इन या रेस्टॉरंटच्या बाजूला बेबी केअर सेंटर आहे, तिथे मायक्रोवेव्ह आहे, उंच खुर्च्या आहेत, डायपर बदलायला स्वच्छ टेबलं आहेत, शांतता आहे. इतकं नीट ठेवलंय ते की मला त्या माणसांचे आभार मानावेसे वाटले आणि मी मानले. जिथे फाउंटनचं कोल्ड्रिंक मिळतं त्या काउंटरवर गार पाण्याचा ग्लास फुकट मिळतो, बाटली विकत घेऊ नका.

राइडच्या बाहेर स्ट्रोलर पार्किंग असतं आणि कास्ट मेंबर स्ट्रोलर हलवून ओळीत लावतात, त्यामुळे ठेवला तिथे सापडेल याची खात्री नाही. काळे करडे सगळे सारखेच दिसतात. मी हँडलला जुन्या इरकलीच्या काठाचा लाल तुकडा बांधला, लांबून दिसायचा. बांधाच असं काहीतरी.

आता चाक.

मेन स्ट्रीटवर घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत, तुम्हाला माहितीय. गेटमधून आत आलात की ते ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि दिवसभरात कितीदा ओलांडता त्याला हिशेब नाही. या स्ट्रोलरची पुढची चाकं जेमतेम पाच इंची, अरुंद, आणि गोल फिरणारी. रुळाच्या खाचेत ते चाक बरोब्बर बसतं. जोर लावला की चाक आडवं होतं, स्ट्रोलर जागच्या जागी थांबतो आणि मूल पुढे झुकतं. बेल्ट लावलेला होता म्हणून ठीक, पण मागून येणारी गर्दी तुमच्यावर आदळते त्याचं काय. काटकोनात ओलांडा, मागे रेलून पुढची चाकं उचलून ओलांडा, हे मी एका दुपारीत शिकले, पण सामान लादलेला आणि त्यात झोपलेलं मूल असलेला स्ट्रोलर प्रत्येक रुळाला उचलायचा म्हणजे मनगट जातं. बाकी सगळं, म्हणजे सावलीचं छत थोडं आखूड आहे, खालची बास्केट लहान आहे, ते मी माफ करते. चाक नाही करत. मुलांच्या वस्तू बनवणाऱ्याला चाक कळायला पाहिजे. घडी, रंग, कप होल्डर यावर सगळी अक्कल खर्च करायची आणि रस्त्याला जी गोष्ट टेकते ती प्लॅस्टिकच्या दांडीवर उभी करायची, हे मला अजिबात पटत नाही.

तरी पहिल्या ट्रिपनंतर मी याला पाचपैकी साडेचार देत होते, खोटं कशाला बोलू. कारण घडी खरोखर एका हाताने होते. पार्किंगच्या ट्रामवर स्ट्रोलर घडी करूनच चढावं लागतं, पार्कभोवतीच्या आगगाडीतही तसंच, आणि एका हातात पोरगी असताना ती घडी होते याचं मोल काय ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. घरी आल्यावर लायब्ररी, कॉस्टको, लेक एलिझाबेथची चक्कर, सगळीकडे हाच वापरला. मोठा स्ट्रोलर आम्ही देऊन टाकला. डिसेंबरात पुण्याला घेऊन गेलो, तिथे फुटपाथवर दोन फेऱ्या मारल्या आणि मग आईच म्हणाली, "अगं ठेव ते घरात, मी कडेवर घेते तिला." तेव्हापासून डाव्या चाकात किंचित खेळ आला होता, कुंई कुंई वाजायचं.

वसंतात परत अ‍ॅनाहाइमला गेलो, आणि तिथेच, मेन स्ट्रीटवर, चाकाची दांडी बसते ती खोबणच तुटली. प्लॅस्टिकचा तुकडा उडाला, चाक घरंगळत गेलं, मधलीने धावत जाऊन आणलं. उरलेला दिवस पार्कचा भाड्याचा स्ट्रोलर घेतला, रात्री नवऱ्याने छोटीला खांद्यावर टाकून मोटेलपर्यंत आणलं आणि मोठ्याने तीन चाकांचा सांगाडा खांद्यावर घेतला.

कंपनीला फोटो, बिल, सगळं पाठवलं. उत्तर काय, तर वॉरंटी फ्रेमची आहे, चाकं ही झीज होणारी वस्तू आहे, आणि "असमान पृष्ठभागावरचा वापर" वॉरंटीत बसत नाही. मी त्यांच्याच वेबसाइटवरच्या त्यांच्याच जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यात मोठ्या अक्षरात थीम पार्कसाठी उत्तम असं लिहिलंय. विचारलं की तुमच्या मते थीम पार्कची जमीन कशी असते. चार दिवस शांतता. मग नवीन माणूस, नवीन तक्रार नंबर, तेच उत्तर. सुटी चाकं विकत द्या म्हटलं तर या मॉडेलची विकत नाही म्हणाले. म्हणजे पाच इंचाच्या चाकासाठी अख्खा स्ट्रोलर कचऱ्यात टाकायचा? हे मला पैशासाठी जितकं लागलं तितकंच कचऱ्यासाठी लागलं. चांगलं कापड, चांगली फ्रेम, चालू घडी, आणि फेकून द्या. आमच्या घरी मिक्सरचं भांडं तीनदा दुरुस्त होतं, मला हे जमणार नाही.

अपडेट: वरचं लिहून झाल्यावर मी तिसऱ्यांदा मेल केला, या वेळी क्रेडिट कार्डच्या कंपनीकडे तक्रार करते असं स्पष्ट लिहिलं. दोन आठवड्यांनी एक खोकं आलं, आत पुढची दोन्ही चाकं, पैसे न घेता. म्हणजे होती! विकत नाहीत पण असतात. चाकाची खोबण मात्र फ्रेमला रिव्हेट केलेली असते आणि तीच तुटलेली, ती पाठवली नाही. शेवटी इथल्या सायकल दुरुस्तीवाल्याने रिव्हेट ड्रिलने काढून तुटलेल्या खोबणीच्या जागी धातूची छोटी पट्टी आणि लॉक नटवाला बोल्ट लावून दिला, दहा डॉलर घेतले. आता डावं चाक उजव्यापेक्षा भक्कम आहे. उजव्यालाही तेच करून घेणार आहे.

म्हणून मत बदललं, पण पूर्ण नाही. साडेचारवरून दोनवर आणलं होतं, आता तीन. घडीचे दोन, फ्रेमचा एक, चाकाचा शून्य आणि सर्व्हिसचाही शून्य, कारण ओरडल्यावर जे मिळतं ते न ओरडता मिळायला हवं होतं.

तुम्ही घेणार असाल तर दुकानात जाऊनच बघा. सीटवर वीस-पंचवीस पौंडांचं काहीतरी ठेवा, पिठाची पिशवी चालेल, आणि दुकानाच्या दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीवरून तिरकं ढकलून बघा. चाक आडवं झालं तर सोडून द्या. पुढची चाकं बटण दाबून निघतात का आणि आत दांडी धातूची आहे का ते बघा, आणि सुटी चाकं विकत मिळतात का हे पैसे द्यायच्या आधी मेलवर लेखी विचारा. पार्कच्या ३१ बाय ५२ मध्ये बसतो का तेही, सहसा बसतातच.

माझ्या मैत्रिणीची मुलगी दीड वर्षाची आहे, मोठा चौदाचा, त्यांना उन्हाळ्यात जायचंय. पुढची चाकं निदान सहा इंची आणि घडी एका हाताची, असा कोणाकडे असेल आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त वापरून झाला असेल तर मॉडेलसकट लिहा, नवा कोरा घेतलेल्यांनी कृपया लिहू नका.