मिरज, मुंबई की बेंगळुरू? स्नायूंच्या दुर्मिळ आजारासाठी कुठे दाखवावं

सांगलीकराला डॉक्टरांची वानवा नाही. वॉनलेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातले पेशंटसुद्धा आपल्याकडे येतात. म्हणूनच मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणाऱ्या आनुवंशिक आजाराचा) संशय आला आणि कुणी ‘बाहेर दाखवा’ म्हणालं की आपल्याला ते जरा लागतं. माझ्या पुतण्याच्या निमित्ताने तिन्ही वाऱ्या करून झाल्या आहेत, त्यावरून सांगतो.

सुरुवात मिरजेतच करा, पण न्यूरॉलॉजिस्टकडे. आम्ही तिथेच चुकलो. पोरगा जिन्यात कठडा धरून चढायला लागला, तर रक्तात एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं बघून एका दवाखान्यात सहा महिने लिव्हरचं औषध चाललं. एसजीपीटी आणि त्याच्या जोडीचं एसजीओटी स्नायूंतूनही रक्तात उतरतं. अशा वेळी सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, तपासायला सांगावं. त्याचं रक्तही ईएमजीच्या (सुया टोचून स्नायूंच्या विद्युत तपासणीच्या) आधी द्यावं, कारण सुया टोचल्यावर आकडा वाढू शकतो. सीपीके, ईएमजी, ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) एवढं इथे होतं. बायोप्सी, म्हणजे स्नायूचा तुकडा काढून तपासणं, मात्र इथे घाईने करू नका. तो तुकडा ताजा गोठवावा लागतो. नुसता फॉर्मॅलिनच्या बाटलीत घातला तर महत्त्वाच्या तपासण्या त्यावर होत नाहीत. तुकडा जिथे तपासणार तिथेच तो काढलेला बरा. आणि आता बऱ्याच जणांचं निदान आधी जनुकीय रक्ततपासणीनेच लागतं, मग बायोप्सीची पाळीच येत नाही.

मुंबईला केईएम, महापालिकेचं हॉस्पिटल. महालक्ष्मीने रात्री बसलं की सकाळी मुंबई, आणि बोलणं मराठीत. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात केईएम हे उत्कृष्टता केंद्र आहे. धोरणाच्या यादीतल्या आजाराला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण त्यासाठी नाव अशाच केंद्रात नोंदवावं लागतं. एसएमए, ड्युशेन, पॉम्पे हे स्नायू कमजोर करणारे आजार यादीत आहेत. म्हणजे निदान झालंय आणि प्रश्न महागड्या औषधाचा आहे, तर मुंबईच. आमच्या पोराचा लिंब गर्डल प्रकार (खांदे आणि कमरेभोवतीचे स्नायू आधी कमजोर होतात तो) यादीत नव्हता.

निदानच अडलं असेल तर माझं मत बेंगळुरूच्या निम्हान्सला, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांच्या सरकारी संस्थेला. तिथे स्नायूंच्या आजारांचेच पेशंट रोज बघणारे लोक आहेत. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे. मुक्काम दोन-तीन दिवसांचा धरा, रांगेची तयारी ठेवा.

भाषेची भीती वाटते, पण आम्ही अडकलो ते वेगळ्याच जागी. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, आईवडिलांचं लग्न रक्ताच्या नात्यात झालंय का? दादा नाही म्हणाला. मीही मान हलवली. संध्याकाळी लॉजवर वहिनी फोनवर आमच्या आईशी बोलत होती, “आत्या, उद्या परत बोलावलंय,” आणि आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे बघायला लागलो. वहिनी आमच्या मामाचीच मुलगी! आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही सोयरीक, तिला रक्ताचं नातं कोण म्हणतं? पण आई आणि वडील दोघांकडून तोच बिघडलेला जीन येण्याची शक्यता अशा लग्नात वाढते, आणि कोणते आजार आधी शोधायचे ते डॉक्टर त्यावरून ठरवतात. जाण्याआधी तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढा. कोण कुणाचं काय लागतं ते सगळं लिहा.

तसंच ‘अशक्तपणा’ हा शब्द घरीच ठेवून जा. त्यावर टॉनिक आणि बी-१२ ची इंजेक्शनंच मिळतात. काय जमत नाही ते सांगा: जेवून उठताना मांडीवर हात टेकावे लागतात, एसटीची पहिली पायरी चढत नाही, बनियन काढताना हात वर जात नाहीत, आणि हे कधीपासून. आम्ही जिना चढतानाचा एका मिनिटाचा मोबाईल व्हिडिओ नेला होता. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला.

व्हिडिओ कॉलवर दाखवण्याबद्दल थोडक्यात: पहिल्या भेटीला नको. कोणता स्नायू किती जोर लावतो हे डॉक्टर हाताने दाबून बघतात, स्क्रीनवर ते कळत नाही. रिपोर्ट आल्यावर समजून घ्यायला मात्र चालतं. जीन रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ अशा धाटणीचा शेरा असेल तर त्याला निदान समजू नका, आईवडिलांचं रक्त तपासायचं का ते विचारा.

निघताना आम्ही एकच मागितलं: मिरजेच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी. किती महिन्यांनी इको, किती महिन्यांनी श्वासाची तपासणी, भूल द्यायची वेळ आली तर काय टाळायचं. ती लॅमिनेट करून फाईलच्या पहिल्या पानावर लावली आहे, आणि तिचा फोटो वहिनीच्या मोबाईलमध्ये आहे.