मिथिलफेनिडेट, गर्भनिरोधक गोळी आणि दुपारची कॉफी : अकरा महिन्यांनंतर

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या, सतत विसरण्याच्या त्रासाचं, निदान झालं तेव्हा मी 34 वर्षांची. त्यावरचं औषध लाँग-ॲक्टिंग मिथिलफेनिडेट, 18 मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्याबरोबर. पहिल्या आठवड्यात एकदाही दूध उतू गेलं नाही, त्यावरूनच सासूबाईंनी ओळखलं की औषध लागू पडलंय. हे औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या यादीतलं, त्यामुळे प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं आणि एक प्रत केमिस्ट ठेवून घेतो. कागद हरवणाऱ्यांच्याच औषधाला हा नियम, काय बोलणार!

पण महिन्यातले पाच-सहा दिवस गोळी घेतली की नाही हेच कळेना. स्ट्रिप मोजून बघायचे, तर घेतलेली असायची. शेवटी गोळी लागू न पडलेल्या दिवसांवर, कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी, फुल्या मारायला लागले. तीन महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. बहुतेक फुल्या पाळीच्या आधीच्या आठवड्यात. ती पानं सायकियाट्रिस्टसमोर ठेवली. त्या म्हणाल्या, इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन मेंदूतल्या डोपामिनला, म्हणजे लक्ष टिकवायला मदत करणाऱ्या रसायनाला, हातभार लावतं आणि ही गोळीही डोपामिनवरच काम करते. पाळीआधी इस्ट्रोजेन घसरलं की गोळी एकटी पडते. डोस त्यांनी वाढवला नाही, मोठी कामं त्या आठवड्यात ठेवू नका म्हणाल्या. हे साहेबांना कसं सांगायचं, ते नाही सांगितलं.

सहाव्या महिन्यात, पाळीत अंगावरून फार जातं म्हणून, गायनॅकनी गर्भनिरोधक गोळी सुरू केली. पाकिटात 21 पांढऱ्या हार्मोनच्या, 7 तपकिरी लोहाच्या. बीजनिर्मिती थांबली, चढउतार कमी झाले, फुल्या विरळ झाल्या. इथवर खूश होते.

मग झोप उडाली. रात्री दोन वाजता पंख्याकडे बघत पडायचं. संशय अर्थातच मिथिलफेनिडेटवर. डॉक्टरांना विचारून शनिवार-रविवार बंद ठेवलं, तरी डोळ्याला डोळा नाही. चोर निघाली दुपारी चारची फिल्टर कॉफी. कॅफीन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे उतरतं, त्याला गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन मंद करतं. एरवी पाच-सहा तासांत निम्मं होणारं कॅफीन मग दहा तासांच्या आसपास घेतं. म्हणजे चारच्या कपातलं निम्मं रात्री दोनला अंगातच! मिथिलफेनिडेटचं विघटन वेगळं एन्झाइम करतं, त्यामुळे त्या बिचाऱ्याला मी उगाच दोष दिला.

आता कॉफी सकाळी एकच कप, चार वाजता गवती चहाचा काढा, चहापत्तीशिवाय. चौथ्या दिवशी झोप लागली. मिथिलफेनिडेट आणि गर्भनिरोधक गोळी, दोन्हींनी बीपी वाढू शकतं म्हणून दर रविवारी सासूबाईंच्या मशीनवर मोजते. गायनॅकनी सुरुवातीलाच विचारलं होतं, आणखी कुठली औषधं चालू आहेत? मी मिथिलफेनिडेट सांगितलं. कॉफी कोण सांगतं?