डेडलाइनच्या चार दिवस आधी सबमिट : आठ महिने, तीन प्रस्ताव

गेल्या वर्षी माझा एक ग्रँट प्रस्ताव (संशोधनासाठी निधी मागणारा अर्ज) शेवटच्या पाऊण तासात हुकला. अपलोडचं चक्र फिरतच राहिलं, मी रिफ्रेश दाबलं, थेट लॉगिन पानावर जाऊन पडले आणि ओटीपी आला तो वेळ उलटून चार मिनिटांनी. चूक तुझीच, असं सगळे म्हणाले. अर्धा दोष मी अजूनही पोर्टललाच देते. पण तेव्हापासून चार दिवस आधी पाठवायचं ठरवलं. तीन प्रस्ताव तसे गेले, म्हणून हे लिहितेय.

वेगातला फरक तर लगेच जाणवतो. तेच पोर्टल, तेच नेट, पण चार दिवस आधी सकाळी सात वाजता आठ एमबीची फाइल मिनिटभरात चढली. बऱ्याच पोर्टलवर सगळ्या भागांची जोडलेली पीडीएफ सर्व्हरच बनवतो. एकाच तासात शेकडो जणांनी ते काम सांगितलं की रांग लागते आणि अडकलेला प्रत्येक जण रिफ्रेश मारून ती आणखी लांबवतो. (मीही त्यातलीच.) मोठ्या व्यवस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. २००९ मध्ये अमेरिकेत मंदीवरच्या पॅकेजमुळे अनुदानाच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा ‘ग्रँट्स डॉट गव्ह’ हे तिथलं सरकारी अनुदानांचं पोर्टल कोलमडेल या भीतीने व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने खात्यांना अर्ज घेण्याचे पर्यायी मार्ग शोधायला सांगितलं होतं.

खरा फायदा मात्र वेगाचा नाही. चुका कळायला वेळ मिळतो, तो आहे. पहिल्या प्रस्तावात सारांशाला ३,००० अक्षरांची मर्यादा होती. वर्ड २,९८६ दाखवत होतं, पोर्टल म्हणे ३,००४. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उलगडा झाला: नऊ ठिकाणी मी एंटर मारलं होतं. वर्ड ते मोजतच नाही आणि पोर्टल प्रत्येकाची दोन अक्षरं धरतं. दोन परिच्छेद जोडून टाकले, चार वाक्यं छाटली, सुटलं. मग ‘मायक्रोमीटर’च्या खुणेतला म्यू (µ) पीडीएफ बनताना प्रश्नचिन्ह झाला. स्क्रीनवरच्या प्रीव्ह्यूत सगळं ठीक होतं, डाउनलोड केलेल्या पीडीएफमध्ये मात्र जाडी ‘५ ?m’. परीक्षकाने ते वाचलं असतं तर काय अब्रू राहिली असती!

दुसऱ्या वेळी वेगळाच धडा. आपण दाबलेलं ‘सबमिट’ पुष्कळदा निधी देणाऱ्या संस्थेकडे जातच नाही. ते विद्यापीठाच्या अधिकृत प्रतिनिधीच्या लॉगिनमध्ये जाऊन बसतं. आमच्या मॅडम रजेवर होत्या. दोन दिवस स्टेटस ‘फॉरवर्डेड’, आणि मी आपली निर्धास्त. तिसऱ्या दिवशी सहज फोन केला म्हणून वाचले. आता पावती क्रमांक हातात येईपर्यंत मी ‘पाठवला’ हा शब्द वापरत नाही.

नियम प्रत्येकाचे निराळे, तेही आधीच वाचलेले बरे. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेकडे अर्ज जोडून तयार झाला की तपासायला दोन कामाचे दिवस मिळतात. पण दुरुस्त अर्ज डेडलाइनच्या आतच जावा लागतो, त्यामुळे शेवटच्या दिवशी पाठवणाऱ्याला त्या दोन दिवसांचा उपयोग शून्य. त्यांची संध्याकाळची ५ ची वेळ अर्जदार संस्थेच्या घड्याळाने. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन-निधी कार्यक्रमाची ५ ची वेळ सहसा ब्रसेल्सच्या. होरायझनमध्ये तोवर कितीही वेळा नवी आवृत्ती चढवा, शेवटची ग्राह्य.

मी वापरते त्या पोर्टलवर ही सोय नाही. एकदा गेलं की कुलूप. तिसरा प्रस्ताव पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने नवा आलेख आणला, इतका सुंदर की जीव चुटपुटला. मागे घेऊन पुन्हा पाठवायला ईमेल, मग पुन्हा मॅडमचं लॉगिन. नाही घातला. शिवाय को-पीआयला, म्हणजे प्रस्तावातल्या सह-संशोधकांना, ‘आपली डेडलाइन सोमवार’ असं सांगितलं की ते गुपचूप खरी तारीख पाहून घेतात आणि शुक्रवारपर्यंत निवांत राहतात. यावर मला अजून औषध सापडलेलं नाही.

निकाल विचाराल तर एक मंजूर, एक नामंजूर, एक परीक्षणात. लवकर पाठवल्याने गुण वाढत नाहीत. चौथ्याला वीस दिवस आहेत. माझा भाग तयार आहे, को-पीआयचा सीव्ही अजून जुन्याच फॉरमॅटमध्ये.