शपथ की संविधान: मेइजी जपानसाठी आधी काय वाचावं?

इतिहासात एम.ए. करणारी भाची अडली होती: सम्राट मेइजीची, नव्या राजवटीची धोरणं सांगणारी १८६८ची पंचसूत्री शपथ आधी वाचू की १८८९चं संविधान?

वेळेचं म्हणाल तर शपथ पाच वाक्यांची, संविधान ७६ कलमांचं.

नेमकेपणात शपथ मोघम, पण खरी गंमत तिथेच आहे. नव्या सरकारातल्या फुकुओका ताकाचिकाच्या मसुद्यात 'सरदारांची सभा' होती. त्याचा सहकारी किदो ताकायोशीने ते खोडून 'व्यापक सभा' केलं. याच शब्दांवर बोट ठेवून पुढे लोकहक्क चळवळवाल्यांनी संसद मागितली! मला तरी हा बदल फार मोलाचा वाटतो. संविधानात सगळं स्पष्ट: सार्वभौम सम्राट, कलम ११ने सैन्यही मंत्रिमंडळाच्या नव्हे, त्याच्याच हाती, भाषणस्वातंत्र्य 'कायद्याच्या मर्यादेत'.

प्रत्यक्ष हक्क मात्र संविधानानेच दिले. १८९०ला निवडणूक झाली, मतदार लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का.

टिकण्यात शपथ सरस. संविधान १९४७ला गेलं. शपथ १ जानेवारी १९४६च्या घोषणापत्रात सम्राट हिरोहितोने जशीच्या तशी पुन्हा मांडली.

सैन्य सरकारला का जुमानेना, हे शोधायचं असेल तर संविधान घ्या. सुधारणांमागची उमेद समजायची असेल तर शपथ. भाचीचा विषय लोकहक्क चळवळ, तिला मी शपथच आधी वाचायला सांगितली.