रोपे चोख, मिश्रण पावसाळ्यात कुचकामी: साताऱ्यातील एका रोपवाटिकेचा अनुभव

साताऱ्याहून कोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेतून 2025 च्या पावसाळ्यासाठी भाज्यांची रोपे, बियाणे आणि कुंड्या भरण्याचे तयार मिश्रण असे सारेच एकदम घेतले होते. त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला होता आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या परसात पुढे आठवडेच्या आठवडे धड ऊन पडले नाही, त्यामुळे तिथल्या मालाची पारख आपोआपच झाली.

रोपांबद्दल तक्रारीला जागा नाही. ट्रेमधून काढलेली मिरची-वांग्याची रोपे बुटकी, जाड खोडाची आणि पांढऱ्याशुभ्र मुळांची होती; शेडनेटखालून थेट गिऱ्हाइकाच्या हाती न देता ती काही दिवस उघड्यावर ठेवून काटक केलेली असतात, हे लगेच जाणवते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे विकण्याआधी मालक परसात ऊन किती येते आणि पाणी कुठे तुंबते हे विचारतात. ‘‘काकू, पावसाळ्यात टोमॅटो हौसेपुरताच लावा,’’ असे त्यांनी स्वतःचे नुकसान सोसून सांगितले होते आणि ते खरेच ठरले. गारठा आणि सतत ओली राहणारी पाने मिळाली की उशिरा येणारा करपा फोफावतो. पानांवर तेलकट डाग दिसू लागल्यावर आठवड्याभरात झाडे काळवंडली. जी हिरवी फळे हाती लागली, त्यांची तीळकूट घालून चटणी केली. ती मात्र फर्मास झाली.

त्यांच्याच शिफारशीवरून लावलेल्या वाघ्या घेवड्याने लाज राखली. कोरेगाव भागातल्या या वाणाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शेंगा वेलावर वाळवण्याइतकी उघडीप मिळाली नाही, तेव्हा कोंब फुटण्याआधीच त्या तोडून ओल्या दाण्यांची उसळ केली. लाल रेघांचे दाणे साठवणीला फारसे उरले नाहीत. अळू तर इतके माजले की शेजारीपाजारीही वड्या करून कंटाळले. दोडक्यावर केवडा रोग आला, तरी घरापुरते दोडके मिळाले.

खरी निराशा केली ती तयार मिश्रणाने. त्यात कोकोपीटचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचे, प्रमाण फार आहे. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. हा गुण एप्रिलमध्ये उपयोगी पडतो, पण झडीच्या पावसात मुळांना हवाच मिळत नाही. मरगळलेल्या मिरचीची कुंडी उलटी केली, तेव्हा चिखलासारखा गोळा बाहेर पडला आणि तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढताच वरची साल निसटून आत केवळ दोऱ्यासारखा गाभा उरला. आल्याच्या कुंडीतही कंदकूज झाली. याउलट घरची माती, शेणखत आणि विटांचा चुरा घालून भरलेल्या कुंड्यांतील मिरच्या दिवाळीपर्यंत तोडत होतो. गोणीवर घटकांचे प्रमाण छापलेले नाही, ही उणीव किमतीच्या मानाने खटकते. पावसाळ्यासाठी भाताचे तूस किंवा जाड वाळू घातलेले वेगळे मिश्रण त्यांनी विकायला ठेवायला हवे.

पुढच्या हंगामात रोपे आणि घेवड्याचे बी तिथूनच आणणार आहे, गोणी नाही. जाणाऱ्यांनी रविवार टाळावा, कारण गर्दीत मालकांना बोलायला सवड नसते आणि कामावरची मुले मागाल ते रोप मुकाट्याने पिशवीत घालून देतात.